बांधकाम व्यवस्थापन विभागासाठी उद्योगाची मदत कशी मिळवावी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या बऱ्याच विभागांत सामंजस्य करारांची फाईल जाड असते, पण त्या करारांतून आलेली मदत तुटपुंजी असते. करार होतो, फोटो निघतो, मूल्यांकन समितीपुढे फाईल ठेवली जाते आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना साइट पुन्हा ओळखीपाळखीनेच शोधावी लागते. यात कंपन्यांची अनास्था थोडी असेल, पण आपला उलटा क्रम त्याहून मोठं कारण आहे. आपण आधी करार करतो, लगेच देणगी मागतो आणि विद्यार्थी साइटवर नेमकं काय करणार याचा विचार सर्वांत शेवटी करतो.

टिकणारा क्रम असा: आधी साइट, मग माणसं, मग संपलेल्या प्रकल्पांची कागदपत्रं, त्यानंतर करार आणि शेवटी पैसा. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. महाराष्ट्रातली अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि विद्यापीठ विभाग डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

## टप्पा १: बाहेर पडण्याआधी घरची तयारी

पहिलं काम म्हणजे विषयवार गरजांचा तक्ता. ‘उद्योगाचं सहकार्य हवं’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. प्रत्येक विषयासमोर लिहा: आज काय शिकवतो, कुठे अडतं, कोणती वस्तू किंवा कोणता माणूस मिळाला तर अडणार नाही. उदाहरणार्थ, नियोजन आणि नियंत्रण या विषयाला एका पूर्ण झालेल्या इमारतीचं सुरुवातीचं वेळापत्रक आणि प्रत्यक्षात झालेलं वेळापत्रक हवं. करार व्यवस्थापनाला निविदा, बीओक्यू (कामांची परिमाणं आणि दर यांची यादी) आणि दोन-चार आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली बिलं) हवीत. गुणवत्तेच्या विषयाला क्यूब रजिस्टर (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचण्यांची नोंदवही) आणि काही एनसीआर (निकषात न बसलेल्या कामाचे अहवाल) हवेत. हा तक्ता दोन पानांत बसला पाहिजे.

दुसरं काम, माणूस ठरवणं. विभागप्रमुख बदलला की कंपनीशी असलेली ओळखही जाते, कारण ती त्याच्या वैयक्तिक मोबाइलमध्ये असते. एक समन्वयक नेमा, त्याला अध्यापनाच्या भारात सवलत द्या आणि त्याच्याबरोबर एक दुय्यम समन्वयक ठेवा. संपर्क, भेटींच्या नोंदी आणि दिलेले शब्द विभागाच्या सामायिक नोंदवहीत राहिले पाहिजेत. अध्यापनाच्या तासांत सूट न देता हे काम एखाद्या नव्या सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात घालणारे विभाग पुष्कळ आहेत. तिथे दुसऱ्या सत्रापर्यंत सगळं थंडावतं.

तिसरं काम कंटाळवाणं, पण पुढे नेमकं तिथेच घोडं अडतं. बहुतेक खासगी महाविद्यालयं एखाद्या शिक्षणसंस्थेच्या, म्हणजे सार्वजनिक न्यासाच्या नावावर चालतात. न्यासाचं पॅन, १२ए आणि ८०जी नोंदणी (न्यासाच्या आणि देणगीदाराच्या प्राप्तिकर सवलतीसाठीची), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा अर्ज) खालचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब यांच्या प्रती आधीच गोळा करा. संस्थेच्या कार्यालयातून हे कागद यायला वेळ लागतो, आणि कंपनी ते मागते तेव्हा तिला आठवड्याभरात हवे असतात.

तपासणी: गरजांचा तक्ता विभागाबाहेरच्या एखाद्या साइट इंजिनिअरला वाचायला द्या. ‘यातलं अमुक मी उद्या देऊ शकतो’ असं त्याला एका तरी ओळीबद्दल म्हणता आलं नाही, तर तक्ता अजून मोघम आहे.

## टप्पा २: कंपन्यांची यादी, आणि कंपनीतला योग्य माणूस

यादीत फक्त नावाजलेले विकासक भरू नका. मोठ्या विकासकाकडे नाव असतं, पण प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा कंत्राटदार करतो. शिकण्यासारखं खूप काही कंत्राटदाराच्या साइट ऑफिसमध्ये असतं. यादीत किमान इतके प्रकार हवेत: विकासक, मध्यम आकाराचे कंत्राटदार, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांट आणि शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) पुरवठादार, आणि सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा मेट्रोसारखी सरकारी कामं. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि क्रेडाई (विकासकांची संघटना) यांच्या स्थानिक शाखांतून एकाच बैठकीत अनेकांशी बोलता येतं. मात्र संघटनेने प्रोत्साहन दिलं म्हणजे सभासद कंपनीने साइट दिली असं होत नाही. प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र बोलावंच लागतं.

कंपनीत दोन माणसं लागतात. एक होकार देणारा: मालक, संचालक किंवा मनुष्यबळ विभागाचा प्रमुख. दुसरा ते निभावणारा: प्रोजेक्ट मॅनेजर किंवा प्लॅनिंग इंजिनिअर. फक्त पहिल्याला भेटलात तर करार होईल आणि विद्यार्थी गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालत बसतील. माजी विद्यार्थी इथे सर्वांत उपयोगी पडतात. तेही संचालक झालेले नव्हेत, तर पाच-सात वर्षांपूर्वी पास होऊन आज बिलिंग किंवा प्लॅनिंग सांभाळणारे.

भेटीआधी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या विकासकाचे प्रकल्प पाहा. नोंदणीच्या वेळची पूर्णत्वाची तारीख, मिळालेली मुदतवाढ, तिमाही प्रगतीची माहिती हे सगळं तिथे कोणालाही पाहता येतं. कोणता प्रकल्प पायाभरणीत आहे, कोणता फिनिशिंगला आला आहे हे कळलं की मागणी नेमकी करता येते. मुदतवाढ दिसली म्हणून पहिल्याच भेटीत त्यावर प्रश्न मात्र करू नका.

## टप्पा ३: पहिली भेट

वेळ नीट निवडा. मार्चमध्ये सगळे बिलांच्या मागे असतात. होळी, दिवाळी आणि छठच्या आसपास उत्तर भारतातले मजूर गावी गेलेले असतात आणि साइट इंचार्ज माणसांच्या शोधात असतो. पावसाळ्याच्या तोंडावर खोदकाम आणि तळघर संपवायची घाई असते. सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा डिसेंबर-जानेवारी त्यामानाने बरा. स्लॅब भरायच्या दिवशी तर साइटवर भेट मागूच नका.

पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागा आणि ती लहान ठेवा: ‘तुमच्या अमुक साइटवर चार विद्यार्थी, आठवड्यातून दोन दिवस, सहा आठवडे, आणि त्यांनी हे एक काम करायचं.’ प्लेसमेंट, देणगी, अतिथी व्याख्यान आणि औद्योगिक सहल एकाच पत्रात घातली की समोरचा माणूस पत्र मनुष्यबळ विभागाकडे पाठवतो आणि विषय तिथेच संपतो.

इशारा: या भेटीत पैशाचा विषय काढू नका. समोरून निघाला तर ‘आधी एक सत्र काम करून दाखवतो’ एवढंच सांगा.

## टप्पा ४: विद्यार्थी साइटवर

बाकीच्या सगळ्या टप्प्यांचं भवितव्य इथे ठरतं, म्हणून यावर सर्वांत जास्त मेहनत घ्या. साठ विद्यार्थ्यांची बस एका साइटवर नेऊन दोन तास फिरवणं याला सहल म्हणतात. त्यातून कोणी काही शिकत नाही आणि साइटचा अर्धा दिवस वाया जातो. चार-चारच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला साइटला खरोखर उपयोगी पडेल असं काम द्या.

काम निवडताना साइट इंचार्जला विचारा: कोणती नोंद नेहमी मागे पडते? उत्तर बहुधा स्टीलच्या ताळमेळाचं येईल. आलेलं वजन, बीबीएसप्रमाणे (सळ्यांची लांबी, आकार आणि वजन यांच्या तक्त्याप्रमाणे) लागलेलं वजन, शिल्लक साठा आणि तुकड्यांतून झालेली नासाडी यांचा मेळ घालायला बिलिंग इंजिनिअरला सवड नसते. चार विद्यार्थ्यांनी दोन मजल्यांचा ताळमेळ नीट घातला तर त्यांना मोजमाप, बीबीएस, स्टोअरची पद्धत आणि खर्चाचं नियंत्रण या चारही गोष्टी कळतात, आणि कंपनीच्या हाती तिला हवा असलेला आकडा पडतो. आणखी काही चांगली कामं: ॲल्युमिनियम शटरिंगच्या स्लॅब सायकलमधल्या (एक स्लॅब भरल्यापासून पुढचा भरेपर्यंतच्या) प्रत्येक कामाच्या वेळेची नोंद, गवंड्याची रोजची उत्पादकता, सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबच्या निकालांचा कल, अडथळ्यांच्या नोंदवहीचं वर्गीकरण, तीन आठवड्यांचं पुढचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष काम यांची तुलना.

विद्यार्थी जाण्याआधी तीन गोष्टी महाविद्यालयातच उरकून घ्या. साइटवरच्या कागदांची भाषा समजावून सांगा: पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद), डीपीआर (रोजच्या प्रगतीचा अहवाल), एमबी (मोजमाप पुस्तक), आरएफआय (तपासणीची किंवा माहितीची विनंती). मुकादमाशी आणि मजुरांशी आदराने कसं बोलायचं ते सांगा. शिक्षित मुलांनी बारबेंडरला (सळ्या वाकवणाऱ्या कारागिराला) अरेतुरे करणं यासारखं लाजिरवाणं दुसरं काही नाही, आणि त्या एका चुकीने साइट कायमची बंद होते. तिसरं, लिहिण्याचा सराव: रोज संध्याकाळी पाच ओळी, त्यात एक आकडा असलाच पाहिजे.

सुरक्षिततेची तपासणी, पहिल्या दिवसाआधी:

- हेल्मेट, सेफ्टी शूज आणि परावर्तक जाकीट विभागाने द्यावं. साइटवर जादा मिळतील यावर विसंबू नका.
- अपघात विमा साइटवरचं काम आणि प्रवास दोन्हींसाठी आहे का, पॉलिसी वाचून खात्री करा.
- साइटच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून प्रशिक्षण झाल्याशिवाय एकही विद्यार्थी आत जाणार नाही. उंचीवरचं काम, खोल खोदकाम आणि लिफ्ट डक्टच्या जवळ एकट्याने जायला मनाई.
- विद्यार्थिनींसाठी वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, हे समन्वयकाने स्वतः जाऊन पाहावं. नसेल तर ते आधी करून घ्या किंवा साइट बदला.
- कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. कंपनीच्या अंतर्गत समितीचा संपर्क प्रत्येकाकडे हवा.

सहा आठवडे संपल्यावर विद्यार्थ्यांनी साइटवरच, प्रोजेक्ट मॅनेजरसमोर, पंधरा मिनिटांत निष्कर्ष मांडावेत. महाविद्यालयाच्या सभागृहात नको. प्रोजेक्ट मॅनेजरने एखादी चूक काढली आणि विद्यार्थ्यांनी ती दुरुस्त करून दिली, तर पुढच्या वर्षीची साइट जवळजवळ पक्की समजा.

इशारा: उलटा धोकाही ओळखा. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना सहा महिने नुसतं एक्सेलमध्ये बिलं भरायला बसवतात, तेही विनामोबदला. इंटर्नशिप दीर्घ असेल तर विद्यावेतन मागा आणि कामाचे प्रकार लिहून घ्या. महाविद्यालयाच्या शैक्षणिक परवान्यावरच्या प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर कंपनीचं चालू काम करून देऊ नका. तो परवाना शिकण्यासाठी असतो.

पदवीनंतरचा रस्ता वेगळा आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ आणि त्याखालची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना यांत अभियंत्यांना घेता येतं, आणि विहित किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलतं. तीस किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ही योजना राबवणारं पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. मध्यम कंत्राटदारांना हे अनेकदा माहीत नसतं. तुम्ही अर्ज भरायला मदत केलीत तर दोघांचंही काम होतं.

## टप्पा ५: अनुभवी माणसं वर्गात

अतिथी व्याख्यानाची नेहमीची तऱ्हा अशी: संचालक येतात, कंपनीची चित्रफीत दाखवतात, पुष्पगुच्छ घेऊन जातात. त्याऐवजी एका प्लॅनिंग इंजिनिअरला अभ्यासक्रमातलं एक प्रकरण सलग चार आठवडे शिकवायला बोलवा. विषयाचा शिक्षक त्या तासांना वर्गात बसलाच पाहिजे. बाहेरचा माणूस उदाहरणं देईल, पण ती पाठ्यक्रमाशी जोडायची आणि परीक्षेत आणायची जबाबदारी शिक्षकाची.

जास्त काळासाठी माणूस हवा असेल तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये आणलेली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद पाहा. क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक पदव्यांची सक्ती नाही. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत करता येतात, आणि कमाल कालावधी साधारण तीन वर्षांचा, अपवाद म्हणून आणखी एक. त्यातल्या एका प्रकारात मानधन उद्योगाने द्यायचं असतं. मदतीचा हा फार चांगला मार्ग आहे आणि फार कमी विभाग तो वापरतात. अट एकच: माणूस निवडण्याचा अधिकार संस्थेकडेच राहिला पाहिजे.

स्वायत्त संस्थेत अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी असतो. तिथे शोभेचं नाव घालू नका. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तिथे ऐच्छिक विषय, प्रकल्प आणि प्रबंधाचे विषय यांतून उद्योगाचा सल्ला आत आणा.

## टप्पा ६: संपलेल्या प्रकल्पांची कागदपत्रं

विभागाला सर्वांत जास्त काळ पुरणारी मदत हीच, आणि तिला कंपनीचा जवळजवळ काही खर्च येत नाही. चालू प्रकल्पाचे दर कोणी देणार नाही. हिशेब मिटलेल्या, वाद नसलेल्या प्रकल्पाचा संच मागा: निविदा नकाशे आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या, बीओक्यू, मूळ आणि सुधारित वेळापत्रक, निवडक आरए बिलं, बैठकांची इतिवृत्तं, विलंबाबाबतचा पत्रव्यवहार.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी गोपनीयतेचं एक पानी पत्र, मग कंपनीच्याच माणसाने नावं आणि दर झाकणं, मग कागद विभागाकडे. ‘तुम्ही द्या, आम्ही झाकतो’ असं म्हणू नका. दर झाकायला कंपनी सर्व दरांना एकच गुप्त गुणक लावू शकते. त्यामुळे बिलातली प्रमाणं तशीच राहतात आणि खरा दर कळत नाही.

तपासणी: हा संच वापरून पुढच्या सत्रात किमान एक गृहपाठ आणि एक प्रबंध होणार आहे का? होणार नसेल तर कागद मागू नका. धूळ खात पडलेला संच कंपनीच्या माणसाला दिसला की दुसऱ्यांदा काही मिळत नाही.

## टप्पा ७: आता करार

एक सत्र काम झाल्यानंतर करार लिहायला सोपा जातो, कारण काय लिहायचं ते दोघांनाही माहीत असतं. दोन-तीन पानं पुरतात. त्यात हवं ते इतकंच: दोन्ही बाजूंच्या समन्वयकांची पदं (नावं नकोत, माणसं बदलतात), दर सत्रातली तुकड्यांची संख्या, सुरक्षिततेची आणि विम्याची जबाबदारी, विद्यावेतन, माहितीची गोपनीयता, प्रबंध प्रसिद्ध करण्याचा हक्क, एका वर्षाची मुदत आणि बाहेर पडण्याची पद्धत. महाराष्ट्रात करारासाठी आता शंभरचा नव्हे, पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. जुना कोरा कागद कपाटातून काढू नका.

प्रबंधाच्या कलमावर अडून राहा. मसुदा पाहून गोपनीय भाग काढायला कंपनीला तीस दिवस द्यावेत. निष्कर्ष बदलायचा अधिकार देऊ नये.

## टप्पा ८: पैसा आणि यंत्रं

पैसा तीन वाटांनी येतो आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

सीएसआर. कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू आहे: आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या. त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्चावे लागतात. पुष्कळ बांधकाम प्रकल्प भागीदारी संस्था किंवा एलएलपीच्या (मर्यादित दायित्व भागीदारीच्या) नावावर असतात. त्यांना हे कलम लागू नाही. तेव्हा पत्र लिहिण्याआधी समोरची संस्था कोणत्या स्वरूपाची आहे ते पाहा. शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतात, पण तीन गोष्टी बसत नाहीत. कंपनीच्या उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजकत्व बसत नाही. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना लाभ देणारा कार्यक्रम बसत नाही. आणि संस्थेच्या कायम निधीत (मुद्दल तसंच ठेवून व्याज वापरायच्या निधीत) टाकलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरता येत नाही. शिष्यवृत्तीसाठी ठेव ठेवून व्याज वापरण्याची कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी सीएसआरचा पैसा मागू नका. वर्षाला इतक्या विद्यार्थ्यांची फी, असा खर्च होऊन संपणारा प्रस्ताव द्या. वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळ ठरवतं, म्हणून प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत, पुढच्या वर्षासाठी पोहोचला पाहिजे.

देणगी. कायम निधीसाठी हीच वाट. रक्कम न्यासाच्या खात्यात जाते, विभागाच्या नाही. ती याच विभागासाठी वापरली जाईल असं देणगीदाराचं पत्र आणि न्यासाचा ठराव, दोन्ही आधी घ्या. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही. कोणती करप्रणाली निवडली आहे यावरही सवलत अवलंबून असते, म्हणून तसं आश्वासन देऊ नका, तो विषय त्यांच्या सीएकडे सोपवा.

प्रायोजकत्व. परिषदेला किंवा स्पर्धेला कंपनीचा फलक लावून घेतलेला पैसा हा सेवेचा मोबदला आहे आणि तिथे जीएसटीचा प्रश्न येतो. नुसती कृतज्ञता म्हणून, व्यवसायाची जाहिरात न करता लावलेली नावाची पाटी वेगळी. पाटीवरचा मजकूर आपल्या सीएला दाखवून मगच लावा.

यंत्रं आणि सॉफ्टवेअर घेताना आधी जागा, थ्री-फेज वीज, कॅलिब्रेशन आणि देखभाल यांचा खर्च काढा. किमान तीन वर्षांच्या देखभालीसह मिळत असेल तरच घ्या. कंपनीने मोडीत काढलेलं यंत्र नम्रपणे नाकारा. प्रयोगशाळेत जागा अडवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

एक इशारा फार महत्त्वाचा. आपले अनेक विभाग शुल्क घेऊन क्यूब आणि स्टीलच्या चाचण्या करतात, त्रयस्थ गुणवत्ता तपासणीही करतात. ज्या विकासकाकडून मदत घेता त्याचेच नमुने तपासायला आले तर? उत्तर आधीच लिहून ठेवा. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्यावा, दर सर्वांना सारखा ठेवावा, मदतीची बोलणी करणाऱ्याने अहवालावर सही करू नये, आणि मोठ्या देणगीदाराच्या प्रकल्पाची त्रयस्थ तपासणी स्वीकारू नये. त्या इमारतीत राहायला येणाऱ्या कुटुंबांचा तुमच्या सहीवर भरवसा असतो. कोणत्याही प्रयोगशाळेची किंमत त्यापेक्षा जास्त नाही.

## टप्पा ९: सल्लागार मंडळ आणि वार्षिक फेरतपासणी

मंडळ सर्वांत शेवटी, तीन-चार कंपन्यांबरोबर काम चालू झाल्यावर करा. आठ-नऊ माणसं पुरेत, त्यांतली निम्मी रोज साइटवर जाणारी हवीत. वर्षातून दोनच बैठका घ्या, त्याही संध्याकाळी. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या सूचनांचं काय झालं यापासून करा. जी सूचना घेतली नाही तिचं कारण सांगा. अभ्यासक्रम, गुण आणि प्रवेश यांवर मंडळाचा फक्त सल्ला चालेल, हे पहिल्याच इतिवृत्तात लिहा.

मे महिन्यात प्रत्येक कंपनीसाठी एक पान भरा: किती विद्यार्थी गेले, त्यांनी दिलेला कोणता निष्कर्ष साइटने वापरला, कोणता तास कंपनीच्या माणसाने घेतला, किती पैसा आला आणि कशावर गेला. त्या पानाची प्रत कंपनीला पाठवा. सलग दोन सत्रांत एकही विद्यार्थी गेला नसेल तर करार नूतनीकरणाला पाठवू नका. समन्वयकाने फोन करून कारण विचारावं. बऱ्याचदा प्रोजेक्ट मॅनेजर दुसऱ्या साइटवर बदलून गेलेला असतो. मग त्याची नवी साइट विचारायची आणि चार विद्यार्थ्यांची तुकडी तिकडे पाठवायची.